पाठीवरचं सातवं नाव

ओझेलाआत्या वारल्याची बातमी खुद्द ओझेलाआत्याला शनिवारी सकाळी साडेदहाला कळली, आणि तीही टी-शर्टवरून.

टॉलिव्हर घराण्याचं संमेलन दर दोन वर्षांनी जुलैच्या तिसऱ्या शनिवारी हिकरी बॉटम या काळ्यांच्या वस्तीत भरत असे. यंदा टी-शर्टचं खातं डेट्रॉइटच्या शाखेकडे होतं. जांभळा रंग, एकशे चाळीस नग. छातीवर एक झाड आणि घराण्याचं नाव. पाठीवर ‘वरून आमच्यावर लक्ष ठेवून आहेत’ अशा मथळ्याखाली एकोणीस दिवंगतांची यादी. त्यात सातवं नाव: ओझेला टॉलिव्हर प्रूइट.

आत्यानं चष्मा पुसला, यादी पुन्हा वाचली, आणि घरात गेली. दहा मिनिटांनी ती चर्चच्या ज्येष्ठ मातांचा पांढराशुभ्र पोशाख, पांढरी टोपी आणि पांढरे हातमोजे घालून बाहेर आली. पेकनच्या झाडाखालच्या सगळ्यात चांगल्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, “मी गेले म्हणे. मग आता मला कामं सांगू नका. प्लेट आणा.”

बारा वाजता आत्याची वकील भाची वर्निटा माँटगोमेरीहून गाडी हाकत पोचली तेव्हा आत्याची दुसरी प्लेट चालू होती. वर्निटाच्या काखेत एक तपकिरी फाईल होती. फाईलमध्ये त्रेचाळीस सह्या होत्या. चव्वेचाळिसावी आत्याची. ती सोमवारी दुपारी बाराच्या आत कोर्टात दाखल झाली नाही, तर अकरा वर्षांचा खटला पाण्यात जाणार होता. खरं तर पाण्यातसुद्धा नाही. हिकरी बॉटमच्या पोरांनी ‘पाणी’ म्हणून ज्यावरून उड्या मारल्या, त्या सांडपाण्यात.

कारण हिकरी बॉटमची माती काळी आणि चिकट. ती काही म्हणता काही पोटात घेत नाही. सेप्टिक टँक बसवला तरी पावसात तो सगळं परत अंगणात आणून ठेवतो, प्रामाणिकपणे. ज्यांच्याकडे टँक नव्हता त्यांचा पाईप थेट परसात. लोमॅक्स काउंटीनं पन्नास वर्षांत गोऱ्यांच्या सगळ्या वस्त्यांना ड्रेनेज लाईन दिली होती. शिकारी क्लबलाही दिली होती, जिथे वर्षाचे अकरा महिने फक्त हरणं राहतात. हिकरी बॉटमच्या एकसष्ट घरांपर्यंत मात्र लाईन पोचली नाही. नकाशावर ती क्लबपाशी येऊन थबकत होती, जणू तिला कुणी तरी पुढे कोण राहतं ते सांगितलं असावं.

वर्निटानं हाच नकाशा फेडरल कोर्टात भिंतीएवढा करून टांगला. बावन्न वर्षांची होती ती. गेली सव्वीस वर्षं एका बंद पडलेल्या न्हाव्याच्या दुकानात ऑफिस थाटून हेच करत होती. ज्यूरीतून काळे लोक वेचून बाहेर काढणारे सरकारी वकील, सात वर्षांच्या मुलांना बेड्या घालणारी शाळा, काळ्यांची मतपेटी नदीपलीकडे ठेवणारी नगरपालिका, सगळ्यांना तिनं कोर्टात खेचलं. निम्मे खटले हरली. प्रत्येक हरण्यानंतर न्हाव्याच्या मोठ्या आरशात तिला स्वतःचं तोंड बघावं लागे, कारण आरसा भिंतीतून निघत नव्हता.

काउंटी अखेर फेब्रुवारीत नमली. एकसष्टच्या एकसष्ट घरांना लाईन द्यायचं कबूल केलं. फक्त काउंटीचे वकील मिस्टर हॅडली यांनी करारात एक निरुपद्रवी दिसणारं कलम घातलं. लाईन टॉलिव्हरांच्या चाळीस एकरांतून जाणार. ती जमीन पणजोबांपासून सामाईक, मृत्युपत्र कुणीच केलेलं नाही. म्हणून हयात असलेल्या सर्व वारसांची संमती हवी. एकाचीही सही कमी पडली तर करार रद्द. हॅडली तीस वर्षं त्या काउंटीत वकिली करत होते आणि काळी कुटुंबं त्यांनी जवळून पाहिली होती. टॉलिव्हर लोक बटाट्याच्या सॅलडात गोड लोणचं घालावं की नाही यावर एकोणीसशे एक्याऐंशीपासून दोन टेबलांवर जेवतात, हे त्यांना माहीत असणार.

“आत्या,” वर्निटानं फाईल उघडून पेन पुढे केलं, “सही.”

“कुणाची?”

“तुझी.”

“मी सातवी आहे. तुझ्या आजोबांच्या खाली, तुझ्या बापाच्या वर. त्यांच्या घेतल्यास?”

“ते वारलेत, आत्या.”

“मग? रांग मोडू नकोस.” आत्यानं बरगडीचं हाड स्वच्छ करून प्लेटच्या कडेला ठेवलं. “आणि मेलेल्या बाईशी उभ्यानं बोलू नये. टोपी तरी काढावी.”

“मी टोपी घातलेली नाहीये.”

“घालायची होतीस.”

वर्निटा वळली आणि डेट्रॉइटच्या टेबलाकडे चालत गेली. तिची चुलतबहीण रॉझलिन तिथे एका जांभळ्या शर्टावर काळ्या चिकटपट्टीनं सातवं नाव झाकायचा प्रयत्न करत होती. अशा एकशे एकोणचाळीस पाठी अजून बाकी होत्या.

“रॉझ, हे झालं कसं?”

“हे बघ निटा, आधीच सगळे माझ्यावर ओरडतायत. गेल्या संमेलनापासून मी तिला मेल पाठवतेय. एकाला उत्तर नाही. फोन उचलत नाही. आईला विचारायचं डोक्यातच आलं नाही. आम्ही समितीत विचार केला. चौऱ्याऐंशी वय...”

“विचार केला आणि मारून टाकलीत?”

“गेल्या वर्षी कॉम्प्युटरवरच्या बैठकीत तिच्यासाठी शांतताही पाळली. एक मिनिट.”

“पूर्ण?” झाडाखालून आवाज आला. आत्याचे कान चौऱ्याऐंशीचे नव्हते.

रॉझलिननं मान खाली घातली. “चाळीस सेकंद. मग कुणाचा तरी कुत्रा भुंकायला लागला.”

“कुत्र्याला तरी वाईट वाटलं,” आत्या म्हणाली.

इथवर हे प्रकरण माफी मागून मिटलं असतं. पण टॉलिव्हर लोकांत कुठलीही गोष्ट मिटायच्या आधी तिचे दोन पक्ष पडतात. एका पक्षाचं म्हणणं, डेट्रॉइटनं गुडघ्यावर बसून माफी मागावी. दुसऱ्याचं, शर्टच तो, उलटा घाला. आणि साधारण एक वाजता, पीच कॉबलरचं, म्हणजे गोडाचं, भांडं उघडलं तेव्हा, एल्मोरकाकांनी तिसरा पक्ष काढला.

एल्मोरकाका आत्याचे धाकटे भाऊ, एकोणऐंशी वर्षांचे, माउंट निबो चर्चचे डीकन, म्हणजे तिथल्या कारभाऱ्यांपैकी एक. त्यांनी वर्निटाला बाजूला घेतलं. “निटा, मी काय म्हणतो. तिला मूलबाळ नाही, नवरा गेला. ती वारली असेल, तर तिचा वारस कोण?”

“काका.”

“मीच ना? मी सही करतो. आण इकडे. विषय संपला.”

“काका, ती तिथे बसून कॉबलर खातेय.”

“पण छापलंय ना. एकशे चाळीस पुरावे आहेत.”

“याला खोटं शपथपत्र म्हणतात. माझी सनद जाईल.”

“सनद गेली तर होर्डिंगवाल्या वकिलांकडे लाग,” रॉझलिन जवळ येत म्हणाली. “हायवेवर ‘अपघात झाला? फोन करा’ म्हणून ते दात काढून उभे असतात ना. त्यांची गाडी बघ आणि तुझी बघ. मी कॉलेजपासून सांगतेय.”

दीड वाजेपर्यंत आत्याच्या मृत्यूच्या बाजूनं घराण्यात चांगलं बहुमत तयार झालं होतं. लोक वाईट नव्हते. त्यांना फक्त लाईन हवी होती. त्यांच्यातल्या कित्येकांची आई अजून याच वस्तीत, पावसाळ्यात दारात फळी टाकून जगत होती. रॉझलिनचीसुद्धा.

वर्निटा परत झाडाखाली आली आणि या वेळी गवतावर बसली. “आत्या, तुला काय हवंय ते सरळ सांग.”

“सुनावणी,” आत्या म्हणाली.

“काय?”

“मला मेलेली ठरवताना सुनावणी घेतली का कुणी? नाही. मग जिवंत ठरवताना घ्या. अकरा वर्षं तू कोर्टात ‘सुनावणी, सुनावणी’ म्हणून बोंब मारलीस. मलाही एक पाहिजे. इथेच, सगळ्यांसमोर. एल्मोर न्यायाधीश.”

“काकांना कायदा कळत नाही.”

“म्हणजे या काउंटीच्या प्रथेला धरूनच होईल.”

लोकांनी खुर्च्या ओढल्या. सॅलडची दोन्ही टेबलं एकोणीसशे एक्याऐंशीनंतर प्रथमच एका बाजूला आली. एल्मोरकाका लिंबूसरबताच्या मोठ्या पिंपामागे बसले, डाव आपटून त्यांनी शांतता मागितली, आणि ती मिळाल्यावर पुढे काय करायचं ते न कळून क्लिऑनला साक्षीला बोलावलं.

क्लिऑन टॉलिव्हर हा घराण्याचा अंत्यविधीवाला. तिसऱ्या पिढीचं दुकान, स्वतःची शववाहिका. तो बरगड्या भाजत होता तो चिमटा घेऊनच आला.

“साक्षीदार,” वर्निटानं विचारलं, कारण कुणीतरी विचारायला हवं होतं, “आपला या क्षेत्रातला अनुभव?”

“तेहतीस वर्षं. चार हजारांवर गिऱ्हाइकं.”

“समोरच्या बाईंबद्दल आपलं मत?”

क्लिऑननं आत्याकडे धंदेवाईक नजरेनं वरपासून खालपर्यंत पाहिलं. “चार हजारांतल्या एकानंही बरगड्या दुसऱ्यांदा मागितल्या नाहीत. आणि ‘कोरड्या झाल्यात’ असं तर कुणीच म्हटलं नाही.”

“झाल्याच होत्या,” आत्या म्हणाली.

“बघा,” क्लिऑन म्हणाला आणि शेगडीकडे परत गेला.

मग साक्षींची रीघ लागली. एकानं सांगितलं, गेल्या इस्टरला आत्यानं त्याला भर चर्चमध्ये च्युइंगम गिळायला लावलं. दुसरीनं सांगितलं, लग्नात आत्यानं नवऱ्या मुलाच्या कानात ‘अजून वेळ आहे, पळ’ असं म्हटलं होतं, आणि ते बरोबर होतं. हसून हसून रॉझलिनच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती उठली, आत्याच्या खुर्चीपाशी गेली आणि खरोखरच गुडघ्यावर बसली. “चूक झाली, आत्या.”

“ऊठ. गुडघा जाईल, मग तुला होर्डिंगवाला वकील लागेल.” आत्यानं तिच्या गालाला हातमोजा लावला. “तुझ्यावर माझा राग नाही पोरी. आता वर्निटाला बसवा साक्षीला.”

वर्निटाला वाटलं, हा गमतीचा शेवटचा अंक असेल. ती हसत बसली.

आत्यानं हातमोजे काढून मांडीवर ठेवले. “दावा लावलास तेव्हा किती जणांच्या नावानं लावलास?”

“अठरा.”

“नावं?”

वर्निटाला ती झोपेतही पाठ होती. अठराच्या अठरा म्हणून दाखवली.

“नव्व्याण्णव साली,” आत्या म्हणाली, “काउंटीनं एका बाईला अटक केली. परसात मैला उघडा ठेवते म्हणून. लाईन द्यायची नाही, आणि लाईन नाही म्हणून बेडी. ती शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांसाठी मक्याचा पाव भाजत होती. केसांवर जाळी तशीच. पोरं रांगेत उभी होती ताटं घेऊन. दोन रात्री कोठडीत. ती बाई तुझ्या अठरांत आहे?”

क्लिऑननं चिमटा शेगडीच्या कडेला ठेवला.

“नाही,” वर्निटा म्हणाली.

“का?”

“मला वाटलं... तुला लाज वाटेल. घरात कुणी कधी बोललंच नाही त्याबद्दल. कागदावर आलं असतं तर पेपरात आलं असतं. चर्चमध्ये...”

“मला विचारलंस?”

“नाही.”

“डेट्रॉइटच्या पोरीनं माझं नाव चुकून लिहिलं,” आत्या म्हणाली. आवाज चढवला नव्हता तिनं. “तू ठरवून गाळलंस. सांग आता, मला कुणी मारलं?”

वर्निटाच्या डोक्यात खटल्याचं चौथं वर्ष उभं राहिलं. तिचा सगळ्यात धारदार मुद्दा त्या वर्षी पडला होता. काउंटी स्वतःच्या कसुरीबद्दल काळ्यांनाच शिक्षा करते, असा तो मुद्दा. हॅडली उठून म्हणाले होते, एक उदाहरण द्या. तिनं तीन महिने जुनी दप्तरं धुंडाळली. पोलिसांच्या जुन्या वह्या भिजून लगदा झाल्या होत्या. साक्षीदार सापडला नाही. त्या तीन महिन्यांत दर रविवारी ती आत्याकडे जेवायला होती, आणि आत्या तिला म्हणत होती, पोरी, वाळलीस, आणखी घे.

तिला अटकेचं ठाऊक होतं. पण अटक ही घरातली लपवायची गोष्ट आणि खटला ही बाहेरची, असे दोन कप्पे तिच्या डोक्यात लहानपणापासून होते, आणि सव्वीस वर्षांच्या वकिलीत त्यांच्यातली भिंत तिनं एकदाही ठोकून बघितली नव्हती.

“मी,” ती म्हणाली. “मी मारलं, आत्या.”

पिंपामागे खुर्ची करकरली. एल्मोरकाका उभे राहिले होते. डाव हातातच होता.

“न्यायाधीशाला काही बोलायचंय,” ते म्हणाले. “त्या रविवारी चर्चमध्ये मी उठून सांगितलं होतं, सिस्टर ओझेला हवापालटाला बर्मिंगहॅमला गेल्यात. ती बर्मिंगहॅमला गेली नव्हती. मला ठाऊक होतं कुठे आहे ते. मी डीकन होतो, व्यासपीठावरून खोटं बोललो. पंचवीस वर्षं झाली.” त्यांनी बहिणीकडे पाहिलं. “आणि मघाशी तुझी सही करायलाही निघालो होतो.”

“ते ऐकलं मी,” आत्या म्हणाली. “बस खाली. निकाल दे आधी.”

“बाई जिवंत आहे,” एल्मोरकाका म्हणाले, आणि बसले, आणि डाव पिंपात पडला.

वर्निटानं फाईल उघडली. कोरा कागद काढला. “बोल,” ती म्हणाली. “मी लिहिते. तारीख, वार, हवालदार किती होते, कोणती पोरं होती रांगेत. सगळं. कराराला जोडपत्र म्हणून लावते. कोर्टातल्या न्यायाधीश बाईंसमोर वाचलं जाईल.”

“केस तर संपली ना?”

“आमची संपली. तुझी सुरूच झाली नव्हती. हॅडली हरकत घेतील, सांगून ठेवते. फार अडून बसले तर करारही लटकेल.”

आत्यानं मांडीवरचे हातमोजे सरळ केले. “घेऊ दे हरकत. मला ती ऐकायचीच आहे. आणि सही मी आत्ता करणार नाही. सोमवारी. त्याच्यासमोर.”

एकशे चाळीस टॉलिव्हरांनी एकदम श्वास आत घेतला. सोमवारी, दुपारी बाराच्या आत, चौऱ्याऐंशी वर्षांच्या आत्याला पन्नास मैलांवर नेऊन. कुणीतरी ‘पण’ म्हणालं. वर्निटानं मागे न बघता हात वर केला आणि ते ‘पण’ तिथेच संपलं.

“सोमवारी,” ती म्हणाली.

डेट्रॉइटवाल्यांनी परतीची बस रद्द केली. सोमवारी सकाळी साडेदहाला कोर्टाचे बाक भरले, भिंतीही भरल्या. सगळे चर्चच्या कपड्यांत होते. क्लिऑननं आत्याला शववाहिकेतून आणलं, कारण घराण्यात एसी नीट चालणारी तेवढीच एक गाडी होती. आत्या पुढे बसली होती. वाटेत समोरच्या गाड्या आदरानं बाजूला होत गेल्या, त्यामुळे पन्नास मैल विक्रमी वेळात झाले.

आत्यानं जोडपत्र वर्निटाला वाचू दिलं नाही. स्वतः उभी राहिली. चार पानं होती. तिनं सावकाश वाचली, शाळेत रोजचा बेत वाचून दाखवत असे तशी. तारीख. जाळी. ताटं. दुसऱ्या रात्री कोठडीतला संडास तुंबला तेव्हा शिपायानं तिची माफी मागितली होती, तेही. “तो म्हणाला, सॉरी मॅम, हे असं असायला नको. मी म्हटलं, बेटा, हेच मी तुमच्या साहेबांना सांगत होते.” हे वाचताना न्यायाधीश बाईंनी पेन खाली ठेवलं.

अकरा वाजून वीस मिनिटांनी मिस्टर हॅडली उठले. “युअर ऑनर, आमची हरकत आहे.”

“कशाला, मिस्टर हॅडली?” न्यायाधीश बाई म्हणाल्या. “हे घडलं याला, की बाईंना ते आठवतंय याला?”

हॅडलींनी आत्याकडे पाहिलं. आत्या त्यांच्याकडे मोठ्या उत्सुकतेनं बघत होती. त्यांनी मागच्या बाकांकडे पाहिलं. बाकीचे सगळे वारस, आणि त्यांच्याभोवती आणखी शंभर जण. एकाच बाजूला, एकाच रांगांत, सॅलडाच्या दोन्ही पक्षांसकट.

“हरकत मागे घेतो.”

“मागे कशाला? घ्या की हरकत,” आत्या म्हणाली. “मी दोन दिवस वाट बघितलीय.”

कोर्ट हसलं. शिपायानं शांतता मागितली, पण हसतच.

आत्यानं पेन घेतलं. पूर्ण नाव लिहिलं, घाई न करता, मधलं नावसुद्धा, जे कुणालाच ठाऊक नव्हतं. ती लिहीत असताना वर्निटा शेजारी उभी होती. सव्वीस वर्षांत तिनं निकाल ऐकले होते, जिंकले होते, त्यावर भाषणं दिली होती. पण कुणी आपलं नाव लिहीत असताना अशी नुसती शेजारी ती कधी उभी राहिली नव्हती. मागे एल्मोरकाका रुमालात मोठ्यानं नाक शिंकरत होते.

अकरा छत्तीसला न्यायाधीश बाईंनी हुकमावर सही केली. एकसष्ट घरं. चौथ्या वर्षी पडलेला मुद्दा मान्य करत त्यांनी समासात स्वतःच्या हातानं दोन ओळी लिहिल्या. पुढे कितीतरी वर्षं दुसऱ्या काउंट्यांतले वकील त्या ओळी आपल्या दाव्यांत उतरवून घेणार होते, आणि वर्निटा त्या न्हाव्याच्या आरशाच्या कडेला खोचून ठेवणार होती.

“आणखी काही, मिसेस प्रूइट?” न्यायाधीश बाईंनी विचारलं.

“हो,” आत्या म्हणाली. “खोदायला कधी येताय?”

न्यायाधीश बाईंनी हॅडलींकडे पाहिलं. हॅडलींनी काउंटीच्या इंजिनिअरकडे पाहिलं. इंजिनिअरनं कागद चाळले. “ऑक्टोबरात, मॅम.”

“ऑक्टोबरात कधी?”

“चौदा तारखेला.”

“किती वाजता?”

अकरा वर्षांत वर्निटानं हा प्रश्न चाळीस तऱ्हांनी, चाळीस कागदांवर विचारला होता. उत्तरादाखल तिला अहवाल मिळाले होते, समित्या मिळाल्या होत्या, एकदा तर कॅलेंडर मिळालं होतं. वेळ कधी मिळाली नव्हती. इंजिनिअरनं हताशपणे घड्याळाकडे पाहिलं, जणू ते त्याच्या बाजूनं साक्ष देईल.

“सकाळी आठ,” तो म्हणाला.

“हुकमात लिहून घ्या,” न्यायाधीश बाईंनी कारकुनाला सांगितलं, “वेळेसकट.”

आत्यानं हातमोजे घातले, एकेक बोट नीट बसवत. “या,” ती इंजिनिअरला म्हणाली. “मी उठलेली असेन.”